दहा पायऱ्या खाली

रविवार, २ मार्च

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि ही कोरी वही, एवढाच माझा संसार. नवं गाव, नवी नोकरी आणि स्वतःची जागा मिळेपर्यंत मुक्काम धाकट्या बहिणीकडे. तिने वरच्या मजल्यावरची खोली मला दिलीय. मोठी खिडकी, न कुरकुरणारा पलंग, टेबलाला खण आणि खणाला किल्ली. आणखी काय पाहिजे माणसाला?

धाकटी स्टँडवर घ्यायला आली होती. मी तिच्या शेजारून पुढे निघून गेले, ओळखलंच नाही! चार वर्षांनी भेटत होतो. आमची धाकटी म्हणजे गोल गरगरीत, जिना चढली की धापा टाकणारी, तोंड कायम चालू, बोटांची टोकं कुरतडून लालभडक. आणि इथे उभी होती ती ताठ मानेची, सडसडीत बाई. मागून हाक आली, ताई, अगं मी! मिठी मारली तर हाताला हाडं लागली. मला आनंद झाला. खरंच झाला. स्वतःच्या वहीत कशाला खोटं लिहू?

मेहुणे शांत आहेत. चहा स्वतः करतात आणि बायकोकडे बघत बसतात. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी.

मंगळवार, ४ मार्च

नोकरी झकास. कवळ्या बनवायचं वर्कशॉप आहे. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात. त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाच्या हिरड्या, हिरड्यांत एकेक दात बसवायचा. मी शेवटच्या टेबलावर, घासून चकचकीत करायला. शेजारी मेणाचं काम करणाऱ्या काकू बसतात, त्यांना सगळे मेणकाकूच म्हणतात. त्या म्हणाल्या, दिवसभर दुसऱ्यांच्या हसण्याला पॉलिश करायचं आणि घरी जाऊन तोंड पाडून बसायचं, हाच आपला धंदा. आवडल्या मला.

एकच वाईट झालं. मालकांनी माझी बोटं पाहिली. सगळ्यांसमोर विचारलं, बाई, नखं खाता का? इथे प्लास्टर, पावडर, काय काय असतं, पोटात गेलं तर? महिन्याभरात सवय मोडा, मग नोकरी पक्की करू. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला चारचौघांत! कान तापले माझे.

हो, खाते मी नखं. माहेरी हे कधी कोणाला कळलं नाही. तिथे नखं खाणारी एकच होती, धाकटी.

रविवार, ९ मार्च

शेवटी धाकटीलाच विचारलं, तू कसं गं जमवलंस? तिने शिवणयंत्राचा खण उघडला. आत जुना टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट, तिच्या अक्षरात ‘सकाळची’ लिहिलेली. स्वसंमोहन म्हणतात म्हणे. मला वाटलं, झालं, बाईला कोणीतरी बुवा भेटला. पण बुवाबिवा नाही, दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी शिकवलं.

खुर्चीत ताठ बसायचं, पावलं जमिनीला टेकलेली, नजर भिंतीवरच्या एका ठिपक्यावर. डोळे जड झाले की मिटायचे. मग मनातल्या मनात दहा पायऱ्या उतरायच्या. खाली एक खोली. त्या खोलीत आपली जुनी सवय बसवायची, दाराला बाहेरून कडी घालायची आणि पुन्हा दहा पायऱ्या मोजत वर यायचं. हे सगळं आपल्याच आवाजात रेकॉर्ड करून रोज वीस मिनिटं ऐकायचं, एकवीस दिवस. भिंतीवर एकवीस चौकोनांचा तक्ता, रोज एका चौकोनात फुली. फोनवर ती करत नाही, कारण फोन म्हणजे शंभर सवयींचं घर.

एकच गोष्ट तिने दोनदा बजावली. दुसऱ्याची कॅसेट ऐकायची नाही. ती खोली ज्याची त्याची असते. मला एक कोरी कॅसेट दिली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, तुलाही जमेल ताई, मला जमलं तर कोणालाही जमेल. तिची नखं बदामासारखी दिसत होती. मी हात सोडवून घेतला.

बुधवार, १२ मार्च

काही होत नाही. माझा आवाज ऐकून डोळे जड होण्याऐवजी डोकंच भणभणतं. चौथ्या पायरीवरच मी बोट तोंडात घालते.

आणि घरात जिकडेतिकडे धाकटीचं कौतुक. शेजारीण म्हणते, तुमच्या धाकट्या बहिणीकडून शिकावं. मेहुणे म्हणतात, हिच्या मनात आलं ना ताई, की झालंच. न्हाणीघरात वजनकाटा आहे, त्यावर मी अडुसष्ट. ती चोपन्न. माहेरी आम्हा दोघींत चांगली कोण, हा प्रश्नच नव्हता हो! दर रविवारी आई आमची बोटं तपासायची. माझी शाबासकी ठरलेली. ती कशी मिळायची ते आज लिहूनच टाकते, वाचतंय कोण? शनिवारी मी धाकटीच्या कानात सांगायचे, आईला तू नको होतीस, आई मला म्हणाली. ती रडायची, आणि रडली की दहाच्या दहा नखं रक्त येईपर्यंत खायची. मग तिच्या शेजारी माझी थोडीशी खाल्लेली बोटं सोन्यासारखी दिसायची. पोरकटपणा होता. लहान होतो आम्ही.

शनिवार, १५ मार्च

शनिवारी वर्कशॉप अर्धा दिवस. धाकटी चष्म्याच्या दुकानात असते, संध्याकाळपर्यंत येत नाही. मला वाटलं, हिने मला अर्धंच सांगितलंय, खरी युक्ती त्या कॅसेटमध्ये आहे. काढली आणि लावली.

काय सांगू! तिचा आवाज कानात शिरला आणि पापण्या मिटल्याच. दहा पायऱ्या कशा उतरले कळलं नाही. दगडी, थंड, मधोमध झिजलेल्या. खाली हिरवं दार. आवाज सांगत होता, दाराच्या फटीतून बघ, ती तिथेच आहे, तिला तिथेच राहू दे.

बघितलं. आत खुर्चीवर आमची धाकटी बसली होती. जुनी! गरगरीत, मांडीवर बिस्किटांचा डबा, बोटं लाल. माझी चाहूल लागताच तिचं तोंड फुललं. ताई आली, म्हणाली. तिच्या डोळ्यांत मी किती मोठी होते! चार वर्षांत माझ्याकडे असं कोणी बघितलेलं नाही.

वर आले तेव्हा दुपारचे तीन. एकही नख तोंडात गेलं नव्हतं.

मंगळवार, १८ मार्च

रोज जाते. जेवणाच्या सुट्टीत घरी येते, दहा मिनिटांवर तर आहे. चार दिवस बोट तोंडात नाही. मालक म्हणाले, वा!

खालची मला बिस्किटं देते. मी घेत नाही. ती खाते, मी बघते. दाराच्या फटीतून बोलतो आम्ही. वरच्या धाकटीपेक्षा ही बरी, हिच्यात गर्व नाही.

शुक्रवार, २१ मार्च

आज सकाळी मेहुण्यांनी वरच्या धाकटीसाठी निळा कुडता आणला. तिला मापात बसला. मला म्हणाले, ताई, तुमच्यासाठी चादर आणलीय.

चादर!

दुपारी खाली गेले आणि दाराची कडी काढली. कॅसेट म्हणत होती, कडी घट्ट आहे. मी काढली. खालची उंबऱ्याशी आली, पाऊल टाकायला भीत होती. मी तिच्या कानाशी वाकले. ते जुनं वाक्य कसं ओठावर आलं मलाच कळलं नाही. आईला तू नको होतीस.

ती रडली आणि दोन्ही हात तोंडात घालून माझ्या मागोमाग पायऱ्या चढायला लागली.

सोमवार, २४ मार्च

साखरेचा डबा रिकामा. धाकटीच्या तीन बोटांना पट्ट्या. काच लागली, म्हणाली. लाज वाटली असेल. मी म्हटलं, जप गं, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझी नखं वाढलीत, मेणकाकूंनी कौतुक केलं. देवाघरी न्याय आहे.

मला वाईट वाटायला हवं. थोडं वाटलं. संध्याकाळी.

रविवार, ३० मार्च

आज धाकटी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून रडली. मेहुणे बाहेर गेले होते. तिच्या दहाही बोटांना पट्ट्या आहेत. म्हणाली, ताई, खालच्या खोलीचं दार उघडं पडलंय, कोणी उघडलं ते कळत नाही. मी उगाच ओटा पुसायला घेतला.

मग म्हणाली, पण एक बरं झालं. बाहेर आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. ती बिचारी खाते, कुरतडते, पण का? तिला लहानपणी कोणीतरी सांगितलंय की ती नको होती. मी चुकीच्या बाईला कोंडलं होतं गं. माझी खरी वाईट सवय वेगळीच आहे. आता तिला हाताला धरून वर घेणार आणि त्या दुसरीला खाली ठेवणार. उद्यापासून नवी कॅसेट.

मी विचारलं, कोणती सवय? ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. पट्ट्या बांधलेल्या हाताने माझा गाल धरला आणि म्हणाली, ताई, ही कॅसेट तू ऐकू नकोस. तुझ्या पाया पडते. काही सांगायचं असेल तर आत्ता सांग.

मी म्हटलं, मला काय सांगायचंय? चहा टाकते.

मंगळवार, १ एप्रिल

ऐकू नकोस म्हणजे काय! एवढं काय दडवायचंय? तक्त्यावर दोन फुल्या. कॅसेटवर या वेळी काहीच लिहिलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत लावली. आवाज तिचाच, पण मऊ. पायऱ्या त्याच, दार तेच. खुर्चीवर एक बाई पाठमोरी बसलेली. ताठ. शेजारी फूटपट्टी. आवाज म्हणत होता, ही मला रोज मोजते. हिच्याशी स्वतःला मोजायची सवय मी इथे सोडून जातेय.

तोंड दिसलं नाही. उद्या बघते.

शनिवार, ५ एप्रिल

वजन एकसष्ट! सात किलो उतरले, आणि काहीच न करता. बघ म्हणावं धाकटे, जमतं मलाही. कोणाला तरी सांगावं म्हणून जिना उतरून स्वयंपाकघरात गेले. मेहुणे आणि ती जेवत होते. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मेहुण्यांनी मान वर केली, ताई होय, कधी आलात, म्हणाले. तासभर तिथेच उभी होते मी.

ताट वाढून घेतलं मीच.

बुधवार, ९ एप्रिल

एकोणपन्नास. तिच्यापेक्षा पाच किलोनी कमी. जिंकले.

मेणकाकूंनी माझ्या टेबलावर साच्यांची पेटी ठेवली. मी बसलेली असताना. मांडीवरच जवळजवळ. मी ओरडले तेव्हा दचकल्या, अगं बाई, तू आहेस होय! मालक नव्या मुलीला माझं काम दाखवत होते. मी म्हटलं, मी आहे की. ते खिडकी लावायला उठले, म्हणाले वारा येतोय.

धाकटीच्या हाताच्या पट्ट्या निघाल्या. कोवळी नखं दिसतात.

शुक्रवार, ११ एप्रिल

बाईने तोंड वळवलं.

मी आहे.

त्या खुर्चीवर मी आहे. माझी साडी, माझे केस, फूटपट्टी हातात. ती मला म्हणाली, बस ना, आपली जागा उबदार ठेवलीय.

पळत वर आले. आठव्या पायरीवर दम संपला. आधी कधी संपला नव्हता.

सोमवार, १४ एप्रिल

वजन एकोणतीस. काटा बिघडला असेल. मेहुणे चढले तर बरोबर अठ्ठ्याहत्तर.

मेणकाकूंच्या मऊ मेणात अंगठा दाबला. जोरात. ठसा उमटला नाही.

कॅसेट ऐकायची नाही आता. शुक्रवारपासून ऐकलीच नाही. तरी दुपार झाली की पाय थंड पडतात, दगडावर ठेवल्यासारखे.

बुधवार, १६ एप्रिल

कॅसेटची फीत ओढून काढली, कात्रीने तुकडे केले. धाकटीने केर काढताना ते उचलले, हसली, कचऱ्यात टाकले. मेहुण्यांना म्हणाली, आता लागत नाही, पाठ झालंय मला. रोज सकाळी खुर्चीत बसते आणि स्वतःच म्हणते. तिचे ओठ हलतात. वरच्या खोलीत मला शब्द न् शब्द ऐकू येतो.

सतरा फुल्या.

तिच्यासमोर उभी राहिले. हाका मारल्या. तिचे डोळे भरून आले, पण ती माझ्यातून खिडकीकडे बघत होती. मेहुण्यांनी विचारलं, काय झालं गं? म्हणाली, काही नाही, ताईची आठवण आली.

आठवण! अगं, मी इथे आहे—

शुक्रवार, १८ एप्रिल

काटा हलत नाही.

माझी खोली झाडून ठेवलीय. पलंगावर नवी चादर, ती माझी. उशी नाही. बॅगा माळ्यावर.

सांगायला हवं होतं. स्वयंपाकघरात, त्या दिवशी. तिला कळलं होतं. विचारलं तिने, काही सांगायचंय का. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं चहा टाकते.

मी काही तिचं वाईट— चिंतलं. चिंतलं मी. तिची नखं बघवत नव्हती मला. अजूनही—

रविवार, २० एप्रिल

एकविसावा दिवस. सकाळ. धाकटी खुर्चीत बसली आहे. मी जिन्यात, वही मांडीवर. तिच्याबरोबरच उतरणार. लिहीत राहिले की गुंगी येणार नाही. कडी कशी काढायची मला माहीत आहे. मीच काढली होती. काढायची, तिला गाठायचं आणि बोलायचं.

तिने डोळे मिटले.

उतरतेय. दगड थंड. हिरवं दार. पण कडी नाही. कडी दिसत नाही. या बाजूला कडीच नाही—

मी आतल्या बाजूला आहे.

खुर्ची रिकामी. माझ्याच आकाराची खाच पडलीय तिच्यात.

फटीतून दिसतेय धाकटी. हाताला धरून ती गरगरीत पोर. दोघी पायऱ्या चढतायत. आवाज— एक, दोन, तीन—

दार ठोकतेय. ती थांबली. चौथीवर. मागे वळली. थांबलीय अजून, ऐकतेय, डोळ्यांत पाणी— म्हणतेय, ताई, काही सांगायचंय का—

सांगते, थांब गं, धाकटे, सांगते—

तिची नखं किती सुंदर वाढलीत.

पाच, सहा—

नाही, थांब, आई कधीच तसं